पाच गुणांची सुधारणा

मखमलाबाद, नाशिक
९ ऑक्टोबर २००५

प्रतिभाताई,

नमस्कार. तुमचा राखाडी स्वेटर ज्ञानेशनी गेल्या सोमवारी पेठच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिला होता. सोबत लोणच्याची बरणी आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. पोचलं असेल असं धरून चालते, कारण तुम्ही कळवणार नाही. हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांत मी पाऊसपाणी, झेंडूचा भाव आणि आईंचा गुडघा यांवर लिहिलं. लिहिताना मलाच कंटाळा आला, वाचताना तुमचं काय झालं असेल.

म्हणून आज मुद्द्याचं लिहिते. जूनमध्ये पेठला जायच्या जीपमध्ये बसताना तुम्ही ज्ञानेशना म्हणालात, "मनीषाला सांग, मी बरी आहे असं तिनंच लिहिलंय." मी त्या दिवशी ड्यूटीवर होते, त्यामुळे मला ते संध्याकाळी कळलं. चार महिने झाले, ते वाक्य कानातून जात नाही. तेव्हा मी काय लिहिलं आणि का लिहिलं ते एकदा नीट मांडते. तुम्ही शिक्षिका आहात, उत्तरपत्रिका समजून तपासा.

आमच्या इस्पितळात थकव्याच्या आजारावर अभ्यास सुरू झाला, तेव्हा तुम्हाला त्यात घ्या असं आमच्या डॉक्टर सरांना मीच सांगितलं. २००१ सालच्या त्या तापानंतर तुम्ही दिंडोरीच्या शाळेतून रजा घेऊन आमच्या मागच्या खोलीत आलात, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. रक्त, थायरॉइड, डोक्याचा फोटो, सगळं करून झालं होतं. कशात काही सापडत नव्हतं आणि केस विंचरून झाले की तुम्हाला तासभर आडवं व्हावं लागत होतं. सर म्हणाले, दर आठवड्याला चालणं थोडं थोडं वाढवायचं, सोबत समुपदेशकाशी बोलायचं आणि नऊ महिन्यांनी किती फरक पडला ते मोजायचं. मला बरं वाटलं. निदान कोणीतरी तुमच्या आजाराला आजार म्हणत होतं.

मोजायच्या तऱ्हा तीन होत्या. एक, दहा प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक प्रश्नाला दहा गुण, एकूण शंभर. दुसरी, दर दोन-तीन महिन्यांनी सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते. तिसरी, पावलं मोजणारी डबी, ती सात दिवस कमरेला लावायची. फॉर्म भरून घेणं आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात घड्याळ धरून उभं राहणं हे माझं काम. खरं तर सख्ख्या नणंदेचा फॉर्म मी भरून घ्यायला नको होता. पण दुसरं कोणी रिकामं नव्हतं, आणि दहा प्रश्नांसाठी तुम्हाला रिक्षात घालून नेणं माझ्या जिवावर आलं. म्हणून दोन्ही वेळेला फॉर्म आपण घरीच भरला, तुमच्या खाटेवर बसून, चहा पीत.

पहिल्या वेळी पंचावन्न गुण आले, नऊ महिन्यांनी साठ. वाढलेले पाच गुण जिन्याच्या प्रश्नाचे. एक मजला जिना चढताना खूप अडचण येते, थोडी येते की येत नाही. पहिल्या वेळी तुम्ही 'खूप' म्हणालात. दुसऱ्या वेळी 'थोडी' म्हणालात. मी 'थोडी'वर खूण केली. चालण्यातही तीस मीटरची भर होती. या दोन्हींवरून सतरा नंबरच्या रुग्णापुढे, म्हणजे तुमच्यापुढे, 'सुधारणा' असं छापून आलं. तुमच्या रजेच्या फाइलला इस्पितळाचा कागद हवाच होता, म्हणून ते पत्र शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलं. कचेरीने रजा संपवली आणि पेठ तालुक्यातल्या शाळेत रुजू व्हा असा हुकूम काढला. पेठ तालुका मी निवडलेला नाही.

यात मी कुठे खोटं लिहिलं ते सांगा.

मनीषा


मखमलाबाद
१८ डिसेंबर २००५

ताई,

गेल्या रविवारी सरांनी अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलचा हॉल घेतला होता. साठेक डॉक्टर आले होते. जेवण शेवटी ठेवलं होतं, म्हणून कोणी मधून उठलं नाही. मी लॅपटॉपपाशी होते. सरांनी मान हलवली की पडद्यावर पुढचं पान आणायचं.

चाळीस रुग्णांपैकी चोवीस सुधारले, असा तक्ता आला. प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका. तुमचा मला लगेच सापडला, कारण तो भरलाच मी होता. सुधारणेच्या रेघेच्या जरासा वर होता. मी पुढचं पान आणलं.

मुंबईहून संख्याशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या, साठीच्या असतील, पायात कापडी बूट. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "डॉक्टर, अभ्यासात दाखल व्हायला किती गुण लागत होते?"

"साठ किंवा त्याहून कमी," सर म्हणाले.

"आणि शेवटी सुधारणा म्हणायला?"

"पंचावन्न किंवा जास्त, आणि चालण्यात घट नको. सर्वसाधारण लोकांची पाहणी करून तो आकडा आम्ही नंतर ठरवला."

"म्हणजे साठ गुणांनी आत आलेली व्यक्ती पंचावन्नावर घसरली, तरी तुमच्याकडे ती सुधारली?"

ताई, माझ्या डोक्यात पहिला हिशेब तुमचाच झाला. तुम्ही आलातच पंचावन्न गुण घेऊन. म्हणजे या नियमाने तुम्ही पहिल्याच दिवशी पास होता. नऊ महिने उगाच चाललात.

सर गडबडले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हाला चक्कर आली तेव्हा स्वतःची खुर्ची त्यांनी उचलून आणली होती. ते म्हणाले, "थकवा ज्याचा त्याला कळतो. तो रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. मग रुग्णाला विचारण्याशिवाय मोजणार कसा? रुग्ण म्हणतो मला बरं वाटतंय. त्याला खोटं पाडणारे आपण कोण?"

मला ते पटलं. बाई बोलायला लागल्या आणि मला तेही पटलं. त्या म्हणाल्या, "विचारा ना, जरूर विचारा. पण तो उत्तर कोणाला देतोय तेही बघा. नऊ महिने ज्यांनी आपलं मायेनं केलं, त्यांच्या तोंडावर 'मला काडीचा फरक नाही' असं सांगणारी माणसं आपल्याकडे किती निघतील? म्हणून म्हणते, दुसरं मापही हवं. सुरुवातीच्या तक्त्यात पावलांचे आकडे आहेत. शेवटच्या तक्त्यात का नाहीत?"

"रुग्णांना त्या डबीचा त्रास होत होता. म्हणून फेब्रुवारीत आम्ही सगळ्या डब्या परत घेतल्या."

"म्हणजे दर आठवड्याला चालणं वाढवायचा त्रास झाला नाही, डबीचा झाला?"

लोक हसले, सरही हसले, आणि मग जेवणाची सूचना झाली. त्या डब्यांबद्दल मला एक गोष्ट माहीत होती. हॉलमध्ये ती फक्त मलाच माहीत होती. मी लॅपटॉप मिटून पिशवीत भरला आणि पनीरच्या रांगेत उभी राहिले. काय माहीत होतं ते आज लिहीत नाही.

आईंचा गुडघा तसाच आहे.

मनीषा


मखमलाबाद
५ फेब्रुवारी २००६

ताई,

ज्ञानेश परवा पेठला तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही निजला होता, म्हणून न उठवताच परतले. साळूबाईंनी तुम्हाला सांगितलं असेल. पण ते तिथे दोन तास पडवीत बसून होते, हे कदाचित सांगितलं नसेल. त्यांनीच नका सांगू म्हणून विनवलं होतं.

घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या साळूबाई, त्यांच्याच घरी तुमची खोली, खिडकीबाहेर नागलीचा पेंढा. साळूबाई त्यांना म्हणाल्या, "बाई शाळेत जाती, भिंतीला टेकून बसती नि शिकवती. लय चांगला शिकवती. पोरा आवाज नाय करत. दुपारी मी नि माझी सून, दोघी धरून घरी आनतो. मंग सांज व्हईपर्यंत ती बोलत नाय. म्याबी काय इचारत नाय."

रात्री ताटावर बसून ज्ञानेशनी मला विचारलं, "तुमच्या त्या फॉर्मात भिंतीला टेकून शिकवायचा प्रश्न हाय का गं?"

मी म्हटलं, नाही.

"दोघींनी धरून आणायचा?"

तोही नाही, म्हटलं.

"मग इचारता तरी काय तुम्ही?"

मी जिन्याचं सांगितलं. त्यांनी घरभर नजर फिरवली. ओटा, चूल, मागची खोली, पुढचं अंगण, सगळं एका पातळीत. "आपल्याकडे कुठाय जिना?" म्हणाले, आणि भाकरी अर्धी टाकून उठले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्यांना दोष देत नाही. मलाही माझ्याशी फारसं बोलावंसं वाटत नाही.

ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं की दुसऱ्या वेळी तुम्ही 'थोडी' म्हणालात. तुम्ही तसं म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणालात, "अगं, चार वर्षांत जिना पाहिलाय कोणी? लिही तुला वाटेल ते." आणि रिकामा कप खाली ठेवायला तुम्हाला दोन हात लावावे लागले. मी ते दोन्ही हात पाहिले आणि 'थोडी'वर खूण केली.

का केली, याचं मोठं काही कारण नाही. नऊ महिने दर आठवड्याला मीच तुम्हाला अंगणात चालवलं होतं. चहा, औषध, पाणी, मीच. काहीच फरक नाही असं माझ्याच हाताने लिहायला जड गेलं. आणि तुम्हीही पहिल्या फॉर्मपासून माझी भीड ठेवूनच उत्तरं देत होता, हे मला कळत होतं. जी तुमचे कपडे धुते तिला तुम्ही 'कपडे धुणं मला जमत नाही' असं कसं सांगणार? तिथेही तुम्ही 'थोडी अडचण' म्हणालात. मी तेही लिहून घेतलं. पंचावन्न गुणांत असे तुमच्या भिडेचे किती होते, देव जाणे.

आणि जूनमध्ये मी ड्यूटीवर होते हे खरं, पण त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी ती बदलून घेतली.

मनीषा


पेठ तालुका
२ मार्च २००६

मनीषा,

एका बैठकीत चार ओळी होतात. हे पत्र तीन दिवस चाललंय.

स्वेटर मिळाला. लोणचं साळूबाईंना आवडलं.

२४ एप्रिलला मला नाशिकला वैद्यकीय मंडळापुढे बोलावलंय. कायमची अपात्र ठरवलं तर निवृत्ती, नाहीतर इथेच. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर गुडघाभर चिखल असतो, दोन बायकांना मला धरून नेणं जमणार नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी नेलं, त्यात सून घसरून पडली. तेव्हा माझं जे होईल ते होईल, पण त्यांना पुन्हा त्यात घालायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

मंडळाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर तुमच्या इस्पितळाचं 'सुधारणा' हे पत्र आहे.

शेवटच्या वेळी मी ती डबी सात दिवस लावली होती. ती मधेच परत मागवली होती असं तू नंतर म्हणालीस. पण मी सात दिवस पुरे केले, रोज संध्याकाळी आकडा लिहिला आणि कागद तुझ्या हातात दिला. मी अर्धवट काही सोडत नाही. तो कागद फाडला असशील तर तसं कळव. असेल तर घेऊन ये.

परीक्षा झाल्यावर पास व्हायचे गुण ठरवत नाहीत. हे माझ्या चौथीतल्या पोरांनाही कळतं. तुमच्या सरांना सांग.

तुझी उत्तरपत्रिका तपासली. पाच गुण कापले.

प्रतिभा


मखमलाबाद
१२ मार्च २००६

ताई,

कागद आहे. आधी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता, मग घरी ट्रंकेत माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटाखाली ठेवला. प्रत सोबत पाठवते. तुमचंच अक्षर आहे, तरी आकडे इथे लिहिते, म्हणजे मी ते वाचले आहेत हे तुम्हाला कळेल.

चालण्याच्या चाचणीचा दिवस, एक हजार नऊशे चाळीस पावलं. दुसरा दिवस शहाऐंशी. मग एकशे बारा, सत्तर, एकशे चोपन्न, तीनशे दहा, चारशे दोन. बेरीज तीन हजार चौऱ्याहत्तर. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याची बेरीज पाच हजार सहाशे होती. म्हणजे आम्ही नऊ महिने तुम्हाला चालवलं आणि तुमचं चालणं निम्म्याच्या जवळ आलं.

डब्या परत घ्यायचा निरोप आला तेव्हा तुमचा तिसरा दिवस होता. मी तुम्हाला तो सांगितला नाही. तुम्ही वहीवर रेघा आखून बसला होता, तुमचा विरस करवेना. त्या वेळी मला तो चांगुलपणाच वाटला. मग कागद हातात आला आणि मी बेरीज केली. सरांनी पुढच्या अभ्यासात मला कायम करायचं तोंडी कबूल केलं होतं. डब्या बंद झाल्या होत्या, म्हणजे कागद कोणी मागणारच नव्हतं. न मागितलेला कागद कशाला द्या, असं मनाशी म्हटलं. हे सगळं करताना मला काही वाटलं नाही. आता लिहितानाही वाटत नाही. कधीतरी वाटेल, त्याची वाट बघतेय.

शुक्रवारी मी तो सरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मनीषाबाई, तुम्ही हा मला गेल्या मार्चमध्ये द्यायला हवा होता." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "हा एक रुग्ण. एका रुग्णावरून निष्कर्ष बदलत नाही." मी म्हटलं, बाकीच्या एकोणचाळीस जणांकडून आपण डब्या काढून घेतल्या, त्यामुळे एकच उरला. कागद त्यांनी फाइलला लावला नाही, फाडलाही नाही. प्रत काढून टेबलाच्या काचेखाली सरकवली.

आता २४ तारखेबद्दल. मी येते, मूळ कागद घेऊन. पण तुम्ही एक ऐका. मी तुम्हाला ओळखते. प्रत्येक चाचणीच्या आधी चार दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बोलणं नाही, आंघोळ नाही, वाचन नाही. साठवलेली सगळी ताकद घेऊन त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसायच्या आणि लग्नाला निघाल्यासारख्या निघायच्या. चारचौघांत गबाळं जायचं नाही, ही आपल्या घरची रीत, आणि तुम्ही ती आजारातही सोडली नाही. व्हरांड्यात लोक तुम्हाला पाहून म्हणायचे, यांना काय झालंय? तशा मंडळापुढे येऊ नका. आधी विश्रांती घेऊ नका. जशा असाल तशा या.

मनीषा


मखमलाबाद
३० एप्रिल २००६

ताई,

शुक्रवारी तुम्ही साळूबाईंबरोबर परत गेलात. चार दिवस आमच्या घरात होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. बोलायची ताकद नव्हती हे मला माहीत आहे. आईंशी दोन वाक्यं बोललात, हेही माहीत आहे.

सोमवारी तुम्ही बाहेर बाकावर होता आणि मंगळवारी तुमचे डोळे मिटलेले होते. म्हणून जे तुम्हाला दिसलं नाही ते लिहिते. ते तुमचंच आहे, तुमच्याकडे असायला हवं.

सोमवारी तुम्ही मोतिया साडी नेसून आलात, कडक इस्त्रीची. केस बांधलेले, तोंडावर पावडर. साळूबाईंनी मला जिन्यापाशी गाठून हळूच सांगितलं, "चार दिस उठली नाय. भाकरबी नाय खाल्ली. म्हनली, मला जपून ठेवू द्या." मंडळाचे तीन डॉक्टर होते. त्यांनी चालून दाखवा म्हटलं, तुम्ही चाललात. हात वर करा म्हटलं, केलेत. कसं वाटतंय विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "ठीक आहे." सही केलीत, फळ्यावर लिहितात तशा अक्षरात. आणि बाहेर जाऊन बसलात.

मग मला आत बोलावलं. मी कागद पुढे केला. मधले डॉक्टर म्हणाले, "यावर इस्पितळाचा शिक्का नाही. हा अभ्यासाचा कागद म्हणून आम्हाला घेता येणार नाही."

"शिक्का नाही, कारण मी तो जमाच केला नाही," मी म्हटलं.

"बाई आत्ता आमच्यासमोर चालल्या."

"साहेब, त्यांना उद्या बघा."

"उद्या काय होणार आहे?"

"उद्या याच वेळेला बोलवा. आज काही लिहू नका. एवढंच मागते."

टोकाला बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला. एक हजार नऊशे चाळीस आणि त्याखालचा शहाऐंशी, या दोन आकड्यांवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मग त्यांनी विचारलं, "उद्या त्या येतील का?"

"येणार नाहीत. आणाव्या लागतील."

बाहेर येऊन मी तुम्हाला ते सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आजारपणाच्या सगळ्या वर्षांत तुम्ही आम्हा सगळ्यांकडून एकच गोष्ट मागितली होती, की अशा कोसळलेल्या दिवसांत तुम्हाला बाहेरच्या कोणी पाहू नये. आईंनासुद्धा तुम्ही खोलीत येऊ देत नव्हता. तुम्ही म्हणालात, "नको गं, मनीषा." मी ज्ञानेशना म्हटलं, उद्या टेम्पो लागेल.

मंगळवारी आम्ही तुम्हाला गादीसकट उचललं. गाऊनवर चादर होती, केस सुटलेले होते, ते बांधायला गेले तर डोक्याला हात लागताच तुम्ही कण्हलात, म्हणून तसेच ठेवले. मंडळ बसतं त्या इस्पितळाच्या दारात बघे जमले. ज्ञानेश आणि साळूबाई दोन्ही बाजूंनी चादर धरून चालले, लोकांना दिसू नये म्हणून. आत त्यांनी तुम्हाला नाव विचारलं. ते तुमच्या तोंडून यायला बराच वेळ लागला. हातात पेन दिलं, ते छातीवरून घरंगळलं. मधले डॉक्टर आदल्या दिवशी बसले होते त्याच खुर्चीवर होते. ते उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, तुमच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, कायमस्वरूपी अपात्र. त्याची प्रत सोबत आहे. मूळ हुकूम कचेरीतून येईल.

तुम्हाला आता शाळेची वाट चालावी लागणार नाही. तरी साळूबाईंकडेच राहायचं ठरवलंत, असं ज्ञानेश सांगत होते. ते मला कारण विचारत होते. मी म्हटलं, तिथे कोणी काही विचारत नाही.

माझं काम महिनाअखेर संपलं, म्हणजे आजच. सरांनी काढलं नाही, पुढच्या यादीत नाव घातलं नाही इतकंच. त्यांचा लेख जुलैत छापून येईल. त्यात सतरा नंबरचा रुग्ण सुधारलेलाच राहील. मी विचारलं, तर म्हणाले, आकडे आता बंद झालेत.

तुम्ही मला माफ करावं असं मी लिहिणार नाही. एकच गोष्ट राहिलीय, ती लिहिते आणि थांबते.

मंडळाने तुम्हाला लागोपाठ दोन दिवस पाहिलं आणि त्यांना कळलं. तीन परकी माणसं, दोन दिवस. मी चार वर्षं पाहत होते. प्रत्येक चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या तोंडात पेजेचा चमचा मीच घालत होते. तुमची कूस बदलून, खिडकीला चादर लावून, दार हळूच ओढून घेऊन मी डबा उचलत होते आणि नऊच्या ठोक्याला टेबलाशी बसून सतरा नंबरपुढे आदल्या दिवशीचे मीटर भरत होते. मला माहीत नव्हतं असं नाही, ताई. हातांना पेजेचा वास असायचा आणि मी आकडा लिहायचे.

मनीषा